डोळे झाकून म्हटलेलं ‘पक्कं’

मी लोकांना दोरानं कड्याखाली सोडायचं काम धरलंय, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, “काय पडलंय तितं खाली?”

तिच्या माहितीत माणूस दोर लावून कड्याखाली उतरतो तो दोनच कारणांनी. शेळी पडली तर, नाहीतर म्हैस पडली तर. मी म्हटलं, “काही पडलेलं नाही आई. लोक हौसेनं उतरतात.”

“मग खाली जाऊन काय करत्यात?”

“परत वर येतात.”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “तुजी कंपनीच बरी व्हती.”

कंपनी म्हणजे तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातला कारखाना. तिथलं माझं कंत्राट संपलं होतं. शिडी लावून उंचावरचे दिवे बदलायचं काम मी तिथं करत असे, तेवढ्या भांडवलावर लोणावळ्याच्या एका साहसी खेळांच्या कॅम्पवर मला घेतलं. गुडघ्यांनी राजीनामा देईपर्यंत मी तिथंच राहिलो. पण आईचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. चिक्कीसाठी, भज्यांसाठी, धुक्यात फोटो काढण्यासाठी माणसं लोणावळ्याला येतात हे समजू शकतं. पहाटे पुण्याहून निघायचं, जिवाचं काही झाल्यास जबाबदारी माझी अशा कागदावर सही करायची आणि कड्यावरून उलटं खाली जायचं, यात माणसाला काय मिळतं? मी रोज बघत होतो, तरी रोज नव्यानं बघावंसं वाटायचं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॅपलिंगमध्ये नुसतं लटकत खाली यायचं नसतं. पाय कातळाला टेकवायचे, अंग मागे टाकायचं आणि उलट्या पावलांनी कडा चालत उतरायचा. कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा साज घालतात, त्याला हार्नेस म्हणतात. त्याला दोन दोर. एक उतरणाऱ्याच्या हातात, तो त्यानं सोडत सोडत जायचं. दुसरा वर आमच्या माणसाच्या हातात. उतरणाऱ्याचा हात सुटला तरी हा दुसरा दोर त्याला धरून ठेवतो. त्याला आम्ही सेफ्टी म्हणतो. मात्र दोन्ही दोर शेवटी त्या एकाच हार्नेसला अडकवलेले असतात. कंबरेचा पट्टा सुटला तर मग दोन दोर काय आणि दहा काय. म्हणून नियम असा की पट्टा बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा. बांधणारा विचारतो, “पक्कं?” तपासणारा डोळ्यांनी बघतो, हातानं ओढतो आणि म्हणतो, “पक्कं.” त्यानंतरच माणूस कडेला जातो.

लोणावळ्याबाहेर, कुरवंडे गावाच्या अलीकडे आमचा कडा होता. तिथं बांधायचे भाऊ आणि तपासायचो मी. सेफ्टीही माझ्याच हातात.

भाऊ मळवलीचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. लहानपण गडाच्या उतारावर गुरं राखण्यात गेलेलं, त्यामुळे कातळावर त्यांचे पाय घरात फिरल्यासारखे फिरायचे. कॅम्पवर यायच्या आधी ते मळवलीतच एका बंगल्याची राखण करत. मुंबईचे मालक महिन्यातून एकदा यायचे, आणि हिरवळ नीट कापली नाही म्हणून सगळ्या पाहुण्यांसमोर भाऊंना बोलायचे. कड्यावर मात्र मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब भाऊंपुढे हात वर करून मुकाट उभे राहायचे आणि ते सांगतील तसं वळायचे. याची त्यांना फार मजा वाटे. मला काम त्यांनीच शिकवलं. मी बेगडेवाडीला लोकल पकडायचो, भाऊ मळवलीला चढायचे. मी “जय भीम, भाऊ” म्हणायचो, ते “राम राम” म्हणायचे आणि आधी माझा डबा उघडून बघायचे.

कडेला आलेल्या माणसाला मी एकच विचारायचो, “तुम्ही काम काय करता?” त्यामागे युक्तीही होती आणि माझा भोचकपणाही. पाय लटपटत असले तरी माणूस आपल्या कामाबद्दल विचारलं की सरळ उभा राहतो. एकदा पुण्याचे एक बस ड्रायव्हर आले होते. म्हणाले, “इतकी वर्षं बस चालवतोय, रिव्हर्सला एक ओरखडा नाही.” मग मान वळवून त्यांनी खाली पाहिलं आणि विचारलं, “पण मागं बघायला आरसा कुठाय?” शेवटी आमच्या खालच्या माणसानं “येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या” असं ओरडत त्यांना तळापर्यंत आणलं. जमिनीला पाय लागले तरी ते मागे चालतच राहिले. मी वरून एक शिट्टी मारली तेव्हा थांबले. दुसऱ्या एक दातांच्या डॉक्टर होत्या. रोज पेशंटांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या या बाई स्वतः तळापर्यंत आ करूनच गेल्या. वर येऊन म्हणाल्या, “पुन्हा सोडा.”

आता भाऊंच्या डोळ्यांबद्दल लिहायला हवं. त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

एका सकाळी भाऊ करवंदीच्या जाळीला म्हणाले, “ताई, जरा अलीकडं सरका, कडा हाय तितं.” जाळीवर कुणीतरी गुलाबी जर्किन वाळत टाकलं होतं. सगळे हसले. भाऊही हसले, पण मी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांचा चेहरा हसत नव्हता. परतताना लोकलमध्ये मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “मोतीबिंदू हाय. दोनी डोळ्यांत.”

“मग ऑपरेशन करून घ्या की.”

“डोळ्याला सुई लावू देनार न्हाई मी. आन सुट्टी मागितली की कळंल समद्यांना. आंधळ्याला कोन ठेवतंय कड्यावर? परत त्या बंगल्याचं गवत कापायला मी जानार न्हाई, उत्तम्या. कुनाला बोलू नगंस.”

मी बोललो नाही. अडीचशे फुटांच्या कड्यावर शीळ घालत फिरणारा माणूस सुईला घाबरतो याचं मला नवल वाटलं, आणि त्या नवलातच मी राहिलो.

त्याहून मोठं नवल त्यांच्या हातांचं होतं. आम्ही दोराला जी आठाच्या आकाराची गाठ मारतो ती बरोबर पडली असेल तर दोर पाच ठिकाणी जोडीनं शेजारी-शेजारी येतो. बाकीचे नजरेनं त्या जोड्या मोजतात. भाऊ अंगठ्यानं मोजायचे. ओठ पुटपुटायचे, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि दोर सोडून द्यायचे. मी लोकलमध्ये दोराचा तुकडा घेऊन डोळे मिटून तसं करून पाहायचो. समोरच्या बायका जागा बदलायच्या. मला दहातून तीनदा जमायचं.

सुरुवातीला मी त्यांची प्रत्येक गाठ, प्रत्येक पट्टा तीन-तीनदा बघत होतो. एकही चूक सापडली नाही. महिने गेले, सबंध हंगाम गेला, दुसरा आला. मग मी दोनदा बघू लागलो, मग एकदा. मग नुसता हात लावू लागलो. मग तोही सुटला, आणि शेवटी उरला तो शब्द. भाऊ म्हणायचे “पक्कं?” आणि मी सेफ्टीचा दोर सारखा करता करता म्हणायचो “पक्कं.” हे असं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. ठरवून तर नक्कीच झालं नाही.

दिवाळीनंतरचा एक रविवार. गर्दी भरपूर. त्याच आठवड्यात नवे हार्नेस आले होते. जुन्या हार्नेसचा पट्टा एका कडीतून ओवून, उलटा वळवून पुन्हा त्याच कडीतून काढावा लागे. तो वळसा राहिला तर पट्टा सरकतो. नव्यांना दोन कड्या होत्या आणि पट्टा कारखान्यातूनच ओवून आलेला. आपण फक्त ओढून घट्ट करायचा, बाहेर काढायचा नाही. आमच्या सरांनी, म्हणजे कॅम्पच्या मालकांनी, आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना गोल उभं करून नवा हार्नेस हातात धरून दाखवला होता. “समजलं?” म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊंनीही हलवली. सर त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होते, एवढ्या अंतरावरचं भाऊंना काहीही दिसत नव्हतं हे त्या गोलात फक्त मला माहीत होतं. मलाही ते त्या वेळी सुचलं नाही.

रविवारी नवे हार्नेस लोकांना खाली कॅम्पवरच घालून पाठवले होते, वर भाऊंना फक्त दोर अडकवायचे होते. भाऊंच्या हाती त्यातला पहिला आला तो दुपारी, एका उशिरा आलेल्या बाईंसाठी. शैलाताई त्यांचं नाव, भोसरीच्या एका वर्कशॉपची सहल आली होती त्यात त्या होत्या. भाऊंनी त्यांना हार्नेस घातला, कंबरेशी चाचपून पाहिलं. त्यांच्या बोटांना ओळखीचा वळसा लागला नाही. त्यांना वाटलं, कुणीतरी अर्धवट ओवलाय. त्यांनी पट्टा पार बाहेर काढला आणि जुन्या सवयीनं एकाच कडीतून ओवून उलटा वळवला; या कड्यांत तसा वळसा धरत नाही. ओढून पाहिला. हाताच्या जोराला तो टिकला.

“पक्कं?”

“पक्कं,” मी म्हणालो. बघितलं नाही.

दोन्ही दोर अडकवले. ताई कडेला आल्या. टाचा कड्याच्या काठावर, पाठ दरीकडे. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “ताई, काम काय करता?”

“बॅगा शिवते. शाळेच्या, ट्रेकिंगच्या. पट्टे लावायचं काम माझ्याकडेच असतं.” बोलता बोलता त्यांनी सवयीनं स्वतःच्या कंबरेकडे पाहिलं. आणि तशाच थांबल्या. “दादा, हा दोन कड्यांचा आहे ना? पट्टा एकाच कडीत आहे. अशी बॅग माझ्या हातून गेली तर वजन टाकल्यावर सुटेल.”

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मी पाहिलं. पट्टा एकाच कडीत होता. त्यांना अजून अर्धं पाऊल मागे टाकायचं होतं, तेवढंच बाकी होतं.

मी त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं. पट्टा दोन्ही कड्यांतून ओवायला मला एरवी काही सेकंद लागले असते, त्या दिवशी किती लागले कोण जाणे. ताईंनी स्वतः पुन्हा ओढून पाहिलं, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “आता झालं. सोडा.”

“ताई, राहू द्या आज.”

“का? आता तर मी बघितलंय ना.”

आणि त्या उतरल्या. इतक्या सरळ, न अडखळता कमी लोक उतरतात. मी सेफ्टीचा दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता, तळहातांवर वळ उठले. मागून भाऊ विचारत होते, “काय झालं रं? का थांबलं?” मी म्हणालो, “काही नाही.”

गर्दी गेल्यावर आम्ही दोघं दोर गुंडाळत होतो तेव्हा मी सांगितलं.

भाऊंचे हात थांबले. “आन तू पक्कं म्हनालास?”

“हो.”

“न बघता?”

“न बघता.”

भाऊ खाली बसले. “आरं, मला दिसत न्हाई हे तुला ठावं हाय, म्हनून तर मी निवांत व्हतो. म्हनलं, उत्तम बघतोय की.”

“आणि तुमचं कधी चुकत नाही म्हणून मी बघायचं सोडलं, भाऊ.”

मी दोराची शेवटची घडी बांधली. मग भाऊ म्हणाले, “सांगू नगंस कुनाला. आता मी दोनदा चाचपून बघंन.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मनाई केलेलं काम करताना पकडलेल्या माणसाचा असतो तसा. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, तो मुख्यतः माझा मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. दोन वर्षांचं. सर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “भाऊंची चूक नंतर. ‘पक्कं’ कोण म्हणालं?” मला महिनाभर कड्यावरून काढून तंबू ठोकायला लावलं. भाऊंना म्हणाले, डोळे नीट करून या, जागा तुमचीच आहे. भाऊंनी ते मनावर घेतलंच नाही. त्यांना एवढंच कळलं की त्यांचा कडा गेला आणि तो मी घालवला. मळवलीला लोकल थांबायची तेव्हा मी दारात उभा राहायचो. भाऊ कामावर नसल्यामुळे येणार नाहीत हे माहीत असूनही राहायचो.

शेवटी मीच एका दिवशी मळवलीला उतरलो. भाऊ ओट्यावर बसले होते. मावशींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, चहा दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं, बघ काय होतंय. मी म्हणालो, “भाऊ, तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात चला. मी सोबत येतो. आत असेपर्यंत बाहेर बसतो.”

भाऊ कपातला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, “सेफ्टी तू धरनार?”

“धरतो.”

“बघून?”

“बघून.”

“दुनियेत दुसरा कोन मिळंना व्हय मला,” असं म्हणून त्यांनी पायात चपला घातल्या.

एका डोळ्याला पाऊण तासही लागला नाही. बाहेर आल्यावर भाऊंनी एकच विचारलं, “सुई कवा लावली?” दुसरा डोळा दीड महिन्यानं झाला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू बराच जुना होता, खूप वर्षांपासून नजर मंदावत आली असणार. दोन वर्षं आम्ही दोघांनी जे लपवलं, ज्यापायी शैलाताईंचा जीव जाता जाता राहिला, ते दोन सकाळींचं काम होतं. हे आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

फाल्गुनात भाऊ कड्यावर परत आले. सरांनी नवा हार्नेस त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो फिरवून फिरवून पाहिला, बोट लावून दोन्ही कड्या मोजल्या आणि माझ्या कंबरेला बांधला. सरांनी तपासला. “पक्कं,” सर म्हणाले, “भाऊ, जागा तुमची.” मी फार खूश झालो.

मग भाऊ स्वतः दुसरा हार्नेस घालून, सेफ्टी लावून, नेहमीसारखे कडेला गेले. हवा स्वच्छ होती. खाली झाडांचे शेंडे, त्यांच्याही खाली रस्ता, रस्त्यावर बोटाएवढ्या गाड्या.

“तितं रस्ता हाय?”

“पहिल्यापासून आहे, भाऊ.”

भाऊंनी मागे हात करून दोर अडकवायची कातळातली साखळी धरली. मग ते हळूहळू कातळावर बसले. “उत्तम्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला मागं घे.”

मी त्यांना मागे घेतलं. मी म्हटलं, “तरुणपणी तर रोज बघत होता हे.”

“तवा कोन बघतंय रं.” त्यांनी श्वास घेतला. “इतकी वर्सं मी लोकास्नी सांगत आलो, ‘काय न्हाई, काय न्हाई, टाका पाय.’ काय न्हाई कसं? लय हाय की हितं!”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हटलं, “चार दिवसांत होईल सवय.”

“सवयच नगं आता,” भाऊ म्हणाले. “सवयीनंच ती बाई गेली आसती.” त्यांनी हार्नेस काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. सरांनी दिलेली जागा त्यांनी दहा मिनिटांत स्वतःच सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, दुःखही दिसेना. नवीन काही कळलेल्या माणसासारखे ते इकडे तिकडे बघत होते.

तिथंच एका दगडावर पुण्याच्या कंप्युटर कंपनीतले एक गृहस्थ हेल्मेट-हार्नेस घालून अर्ध्या तासापासून बसले होते. त्यांचे सगळे सहकारी उतरून गेले होते आणि खालून त्यांच्या नावानं ओरडत होते. अशांना मी तोंडानं “हरकत नाही” म्हणायचो आणि मनातल्या मनात एक पायरी खाली ठेवायचो, हेही कबूल करून टाकतो. ते मान खाली घालून हार्नेसच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमचंच बराबर हाय. मला आजच दिसलं.”

गृहस्थांनी मान वर केली. “तुम्हालाही भीती वाटते?”

“आजपास्नं वाटती,” भाऊ म्हणाले. त्यांनी दोन्ही कड्यांवर बोट ठेवून त्या माणसाचा पट्टा सैल करून दिला, आणि दोघं उठून पायवाटेनं खाली उतरले.